पायरहाटाचं पाणी

गावदेवीने मला होकार दिला होता आणि त्या होकारामुळेच माझा तिच्यावरचा विश्वास डळमळायला लागला होता. नकार दिला असता तर निदान गप्प पडून राहिलो असतो.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. दिवेआगरला आमची सुपारीची लहानशी वाडी. थंडीतल्या एका सकाळी तोंड धुता धुता मी विहिरीपाशी कोसळलो आणि मला उचलून ओटीवर आणलं तेव्हा डावं अंग माझं राहिलं नव्हतं. तोंड वाकडं, जीभ जड, हातपाय ओल्या पोत्यासारखे. बोर्लीहून डॉक्टर आले, अर्धांगवायू म्हणाले. यातलं काही परत येईल, काही येणार नाही, आणि कुठलं येईल ते आज कुणालाच सांगता यायचं नाही, पण पाय रोज हलवत राहा, असं त्यांनी सांगितलं. माणूस भला, पण आम्हाला असलं अर्धंमुर्धं उत्तर नको होतं. म्हणून माझ्या बायकोने, सुभद्राने, देवीला कौल लावला.

आमच्याकडे गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी चालेन का, एवढंच विचारलं होतं, आणि उजवी कळी टपकन पडली. घरी गूळखोबरं वाटलं. मी बोबड्या जिभेने म्हटलं, देवीने उजवा दिला खरा, पण लुळं पडलंय ते डावं. इतक्या दिवसांत सुभद्रा तेव्हा पहिल्यांदा हसली.

आणि तिथेच आम्ही सगळे चुकलो. देवीने शब्द दिल्यावर आपण धडपड करायची म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवायचा, असं जो येईल तो सांगू लागला आणि आम्हालाही ते पटलं. पाय चोळणं थांबलं, हलवणं थांबलं. शेजारी मला सकाळी उचलून ओटीवर बसवायचे, मांडीवर चादर घालायचे आणि देवाच्या मूर्तीसारखा दिवसभर तिथे ठेवायचे. माघ गेला, शिमगा गेला, चैत्र तापला. पाय वाळत चालला. मी मनात देवीशी भांडायचो, मग घाबरून क्षमा मागायचो, आणि पुन्हा भांडायचो.

तिकडे वाडी सुकायला लागली. आमच्या विहिरीवर पायरहाट होता. काठावर लाकडी चाक, त्यावरून विहिरीत सोडलेली मडक्यांची माळ. माणसाने फळीवर बसायचं आणि हातापायांनी चाकाचे दांडे ढकलत राहायचं, म्हणजे भरली मडकी वर येऊन पन्हळीत रिती होतात आणि पाणी पाटाने झाडांच्या बुडाशी जातं. मध्येच थांबलं तर भरल्या मडक्यांच्या वजनाने चाक उलटं फिरू पाहतं. आयुष्यभर हे काम मीच केलं. आता घरचं सगळं उरकून सुभद्रा रहाटावर बसायची, तरी कडेच्या पोफळी पिवळ्या पडत होत्या. मुंबईहून सुभद्राच्या भावाचा निरोप आला, की पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत दोघं इकडे या आणि वाडी दुसऱ्याला कसायला द्या. सुभद्रा बरं म्हणाली. तिने ते इतक्या शांतपणे म्हटलं की मला रडू आलं. ही वाडी सोडली तर मी कुणीच उरणार नव्हतो.

त्यानंतरची ती दुपार. सुभद्रा बोर्लीच्या बाजाराला गेली होती. वारा पडलेला, पोफळींची सावली ओटीभर पसरलेली, लांबून समुद्राची गाज येत होती. मी धड झोपेत नव्हतो, धड जागा नव्हतो. रहाट फिरतोय, मडकी वर येतायत, पण पाण्याचा आवाज मात्र होत नाही, असं काहीतरी पाहत होतो. डोळे उघडले तर अंगणात एक कोळीण उभी. डोक्यावर सुक्या मासळीची टोपली, चेहरा उन्हाने लाल झालेला.

"दादा, घोटभर पानी मिलंल का?"

जवळचा तांब्या मी रिकामा करून ठेवला होता. मी मान हलवली. ती म्हणाली, रहाट तर हाताशी आहे, काढ ना. चादरीमुळे तिला माझा पाय दिसत नव्हता. तिला मी एक आळशी वाडीवाला वाटलो असणार. इतक्या महिन्यांत माझ्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं. रागही आला आणि आत कुठेतरी बरंही वाटलं. मी चादर बाजूला केली आणि म्हटलं, बाई, हा पाय मेलाय.

तिने पायाकडे पाहिलं. चुकचुकली नाही की देवाचं नाव घेतलं नाही. "मंग दुसरा हाय ना? माजा जीव सुकलाय, चल," म्हणाली आणि टोपली उतरवून माझ्या बगलेत खांदा घातला. सुक्या बोंबलांचा वास, तिच्या घामाचा वास, आणि मी कसाबसा फरफटत निघालो. तिने मला फळीवर बसवलं, डोक्यावरची चुंबळ सोडली आणि त्या लाल फडक्याने माझा डावा पाय उजव्या पायाला सैलसर बांधला. लोंबत राहून मध्ये अडकू नये, एवढाच तिचा हेतू. मग शेजारून तिने हात लावला आणि चाक फिरलं.

मी उजव्या अंगाने ढकलत होतो. डावा पाय नुसताच उजव्याबरोबर जात होता, वाकत होता, सरळ होत होता. मडकी वर आली, पन्हळीत पाणी पडलं, आणि ती ओंजळ धरून प्यायला वळली. तिचा हात सुटला तसं चाक थांबलं आणि उलटं फिरू लागलं. मी घाबरलो. आणि त्या क्षणी माझ्या डाव्या टाचेने दांडा दाबून धरला. मी धर म्हणालो नव्हतो. चाक अडलं. पोटरीत एक दुखरी, गरम कळ उठली, आणि आपलं दुखतंय या आनंदाने मी हुंदके देऊन रडायला लागलो. मनात एकच शब्द होता, आई. तो देवीला होता की आणखी कुणाला, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाई पोटभर प्यायली, तोंडावर पाणी मारलं, आणि माझं रडणं बघून जरा ओशाळली. तुला उचलून नेऊ का, म्हणाली. मी नको म्हटलं. फडकं राहू दे, असं सांगून ती टोपली उचलून गेली आणि मी हळूहळू चाक फिरवत राहिलो. सुभद्रा परतली तेव्हा पाटात पाणी वाहत होतं. कुणी माणूस लावला म्हणून ती विचारत आली आणि बांधलेला पाय बघून तिथेच मातीत बसली. मग पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "दादाला कळवते. आपण येत नाही."

त्या दिवसापासून रोज रहाट. सुभद्रा पाय बांधायची, मी फिरवायचो. कधी पाय साथ द्यायचा, कधी दिवसचे दिवस रुसून बसायचा. पावसाळ्यात खांब धरून उभा राहिलो. पुढच्या वर्षी काठी घेऊन देवळात गेलो. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. पाय आला, हात आला नाही. डावी मूठ मिटली ती मिटलीच. त्या मुठीसाठी मात्र मी रोज देवीपुढे रडगाणं गायचो. माणसाचं मन असं, बोट मिळालं की मनगट मागतं.

मग बऱ्याच वर्षांनी बोर्लीच्या बाजारात ती कोळीण दिसली. सुक्या मासळीचा ढीग मांडून बसली होती. मी समोर उभा राहून सगळं सांगितलं. तिला काही म्हणजे काही आठवेना. उन्हाळ्यात किती घरी पाणी पिते, कुणाकुणाला लक्षात ठेवू, म्हणाली. मी तिच्या पायाशी वाकलो तर तिने पाय ओढून घेतले. देवी आपलं काम कुणाच्या हातून करवते, हे त्या हातांनाही ठाऊक नसतं, तर मी कोण हिशेब मागणार? तिने बोंबलांची एक जुडी उचलली. माझ्या उजव्या हातात काठी. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि जुडीचा दोर सरळ माझ्या मिटलेल्या मुठीत सरकवला.

"मूठ घट्ट हाय तुजी. पडनार न्हाय."

मी तसाच निघालो. बैलगाडीत बसलो, उतरलो, वाडीच्या वाटेने चालत आलो. त्या हाताबद्दल मी देवीला पुन्हा कधी काही विचारलं नाही. घरी पोचलो तेव्हा जुडी जागच्या जागी होती आणि ती सोडवून घ्यायला सुभद्राला माझी बोटं हसत हसत एकेक करून उघडावी लागली.