मैनाचा धवला

अख्ख्या पनवेल तालुक्यात मैनासारखी धवलारीण दुसरी नाही, असं जगन सांगायचा. ती त्याची धाकटी बहीण. लग्नात भटजी यायच्या आधी मांडवात बसून, देवांना आणि घरच्यांना नावानं हाका मारत लग्न लावणारी बाई म्हणजे धवलारीण. मैना चौथी शिकलेली, पण दोन-दोन तास धवला गायची आणि एक ओळ चुकायची नाही. आता हॉलमधली लग्नं वाढली, तशी तिला बोलावणी कमी झाली. याचा राग तिच्यापेक्षा जगनलाच जास्त.

म्हणून खांदा कॉलनीतल्या एका छोट्या प्रकाशनाचा मेसेज मोबाईलवर आला तसा तो गाडी काढून तिथं गेला. आपली ओळख, आपली संस्कृती यावर साध्या माणसांनी लिहावं, त्याचं पुस्तक काढणार, असं त्यांचं म्हणणं. एका खोलीचं ऑफिस. रुचिरा नावाची मुलगी एकटीच बसलेली.

"दोन पानं आमची ठेवा," जगन म्हणाला. "मैनाचा धवला देतो. असा कुनाकडं नाय मिळायचा."

"पंधरा तारखेपर्यंत द्या," रुचिरा म्हणाली. "पण ताईंच्या तोंडचा हवा हं, जसाच्या तसा."

आपल्या गावी, ओव्याला पोचेपर्यंत त्यानं सहा जणांना सांगून टाकलं, मैना पुस्तकात येणार.

मैना ओट्यावर सुकट निवडत होती. वही उघडून तो समोर बसला. "चल, सांग."

"लगीन कुनाचं हाय?"

"लगीन कशाला? मी लिवून घेतो."

"मावशीनं शिकवला तवाच बोलली होती, मांडव नसला तर तोंड उघडायचा नाय. देवांना बोलावशील आन बसवशील कुठं? तुझ्या गाडीत?"

जगननं चार दिवस डोकं आपटलं. गोड बोलला, रुसला, आवडते बोंबील आणून दिले. मैनानं बोंबील तळून त्यालाच वाढले.

मग त्यानं ठरवलं, आपणच आठवून लिहू. तीस वर्षं हिच्याबरोबर लग्नांना जातोय. लिहायला बसला आणि दोन ओळींवर अडकला. जाम चिडला. त्याचा साउंडचा धंदा. मैना आत गायची तेव्हा हा बाहेर वायरी जोडत असायचा. पुढचं कधी ऐकलंच नव्हतं.

"जाऊ दे ना दादा," मैना म्हणाली. "बारा तारखेला निशाचं लगीन हाय. तवा घे लिवून. पन तुझे ते साउंडचे बॉक्स बंद."

निशा ही जगनची एकुलती एक मुलगी. तिच्या हळदीला गावात कुणी लावला नसेल असा साउंड लावणार, हेही त्यानं सगळीकडं सांगून ठेवलेलं. तरी लग्नाच्या आदल्या दिवशी, अकरा तारखेला, मांडवाच्या सकाळी, बॉक्स बंद राहिले. भावेश, त्याचा पुतण्या, तीनदा विचारून गेला.

"काका, लोकं विचारतान."

"विचारू दे."

मैनानं हळद-तांदूळ पुढ्यात घेतले आणि सुरुवात केली. जगननं मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. दुसऱ्या मिनिटाला उरणच्या मेव्हण्याचा फोन. कुठून वळू? मग टँकरवाला. मग मंडपवाला. मुलीच्या बापाचा फोन सकाळी गप्प बसतो होय? रेकॉर्डिंगच्या नुसत्या चिंध्या-चिंध्या झाल्या. शेवटी मोबाईल भावेशच्या हातात कोंबला. "रस्ता तूच सांग सगल्यांना." आणि वही घेऊन बसला.

मैना काही त्याच्यासाठी थांबत नव्हती. तो एक ओळ लिहीपर्यंत ती तीन ओळी पुढं. "हलू गं," तो पुटपुटला. तिनं बघितलंसुद्धा नाही. तरी हात चालवत राहिला. एक पान झालं. दुसरं अर्धं झालं.

आणि मैनानं धवल्यातच नाव घेतलं. नवरीच्या बापाचं. जगन काशिराम, उठा, लेकीला हळद लावा.

बायका त्याच्याकडं बघायला लागल्या. पेन खाली ठेवून तो उठला. निशाच्या गालाला हळद लावली. परत येऊन बसला तेव्हा धवला मामाच्या नावापर्यंत गेलेला.

चौदा तारखेला त्यानं वही नेऊन दिली. पानांवर पिवळे डाग. संध्याकाळी रुचिराचा फोन.

"काका, छानच आहे. पण दुसऱ्या पानावर मधेच मोकळी जागा सोडलीय. ताईंना विचारून तेवढं भरून द्या ना."

"ती नाय सांगायची."

"का?"

"लगीन लागतं त्याला," जगन वैतागून म्हणाला. "आन मना दुसरी पोर नाय."

रुचिरानं विचारलं, "मग तिथं काय होतं, तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

"आला ना. मनाच बोलावला होता. गेलो."