अक्काच्या पुस्तकांतले लाल धागे कुणी काढले?

विजयाअक्कावर अन्याय झाला तो गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ नक्की सांगते, कारण मी घड्याळ पाहिलं होतं. तेव्हा तिला जाऊन तेवीस दिवस झाले होते. मेलेल्या माणसावर अन्याय होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा लेख इथंच सोडावा आणि शेजारचं शब्दकोडं सोडवावं.

ती गेल्याचं मला टेंभुर्णीच्या स्टँडवर कळलं. हातात पत्रकांचा गठ्ठा होता, ‘वस्तीतलं वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवा’ असलं काहीतरी. मी गेली सहा वर्षं असलंच काहीतरी लिहिते आणि वाटते. फोन प्रज्ञाचा होता, अक्काच्या मुलीचा. ती कुर्डुवाडीला रेल्वेत आहे, शब्द मोजून बोलणारी पोरगी. “मम्मी गेली गं,” एवढंच म्हणाली. पाण्याचा दिवस होता. अक्कानं पहिली घागर भरली आणि नळाशेजारीच बसली ती बसलीच. शेजारीण धावत आली तेव्हा नळ चालूच होता... त्या एका वाक्यावर मी आजही अडकते. आमच्याकडे पाचव्या दिवशी येणारं पाणी कुणी असं वाहू देत नाही.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. विजयाअक्का सोलापुरात भवानी पेठेत राहायची आणि टॉवेलच्या एका कारखान्यात चेकिंगला होती. उंच टेबल, वर ट्यूबलाइट, समोरून टॉवेल सरकत जातात. विणीत जिथं चूक दिसेल तिथं कडेला लाल सुताचा तुकडा बांधायचा. पुढच्या टेबलावरच्या बाईला तो धागा दिसतो. दुरुस्त होण्यासारखं असेल तर ती करते, नाहीतर तो नग ‘सेकंड’मध्ये, म्हणजे स्वस्तात विकायच्या मालात जातो. हे काम अक्कानं सव्वीस वर्षं केलं. आणि घरी येऊन, जेवणं आटपून, ती पुस्तकं वाचायची, तीही तशीच. खिशात लाल सुताचे तुकडे असायचेच. गोष्ट जिथं उसवली असं वाटेल त्या पानात ती एक धागा ठेवायची. समासात लिहिणं नाही, पान दुमडणं नाही. “पुस्तकाला जखम कशाला करायची?” म्हणायची, “धागा बोलतोय की.”

आमची ओळख अशाच एका धाग्यावरून झाली. कारखान्याच्या गेटवर मी तिला पत्रक दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते परत आणून दिलं, तीन ठिकाणी टाचणीनं भोकं पाडून लाल सूत ओवलेलं.

“हे तू लिवलंयस व्हय गं पोरी?”

“हो. का?”

“लई ओरडतंय. तीन वेळा तेच ओरडलीस. माणसाला कळतंय एकदा सांगून.”

मला भयंकर राग आला. घरी जाऊन वाचलं तर तिन्ही धागे बरोबर होते. आमच्या घरात तेलुगू बोलतात, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. त्या दिवसापासून ती माझी अक्का झाली, पुढं सगळ्यांचीच झाली.

नववीनंतर तिची शाळा सुटली. वाचायला लागली ती वस्तीतल्या विहारातल्या कपाटातून. ते संपल्यावर वाचनालय. आणि तिला काय आवडायचं? उडते घोडे, बोलणारी झाडं, नकाशात नसलेली राज्यं. वाचनालयातला माणूस पहिल्या दिवशी म्हणाला, “मुलीसाठी नेताय वाटतं?” अक्का म्हणाली, “न्हाई, मुलगी अभ्यास करतीय. माझ्यासाठीच.” पुढं एका वाचक मंडळानं तिला बोलावलं. त्यांचं नाव मी छापत नाही. फुकट प्रसिद्धी द्यायला हा लेख नाही. तिथले अध्यक्ष सर भेटतील तेव्हा तिच्या हातात एखादं दुःखाचं आत्मचरित्र ठेवायचे. “तुम्ही तुमचं लिहा ना ताई, तुमचा संघर्ष!” एकदा ती भर सभेत म्हणाली, “माझा संघर्ष मला पाठ हाय सर. मला उडणारा घोडा पायजे.” लोक हसले. सरही हसले, पण त्यांना लागलं होतं. वस्तीतल्या बाईनं रडगाणं लिहावं, कल्पनेचं राज्य मात्र ह्यांच्या पोरांनी वाचावं... ही वाटणी कुणी केली, हा प्रश्न मी त्या हॉलमध्ये उभं राहून विचारणार होते. अक्कानं माझी ओढणी ओढून खाली बसवलं.

ब्लॉग माझ्या हट्टानं सुरू झाला. नाव तिचं: ‘चेकिंग टेबल’. ती कारखान्यातल्या रद्दी स्लिपांच्या पाठीवर लिहायची, मी टाइप करायची. तिचं वाक्य बदलायचं नाही ही अट होती. पहिल्या वर्षी वाचणारे आम्ही दोघी आणि प्रज्ञा. मग ती पाच खंडांची मालिका आली.

तुम्ही वाचली असेल, निदान पोरांना वाढदिवसाला दिली असेल. वाळवंटातलं शहर, त्याला सात वेशी, आणि शहराच्या खाली राहणारे विहिरींतला गाळ काढणारे लोक. त्यांची पोर तांबी. ती गाळाला कान लावून लावून वर्षानुवर्षं ऐकते आणि एक दिवस तिला पाण्याची भाषा येते. मंत्र नाही, वरदान नाही, नुसतं ऐकून ऐकून. पहिला खंड वाचून अक्का दुपारच्या सुट्टीत टॉवेलच्या खोक्यांवर बसून सगळ्या बायकांना ती गोष्ट सांगत होती, डबा तसाच उघडा. त्या खंडात एकही धागा नव्हता. ब्लॉगवर तिनं लिहिलं: “या पोरीला कुणी काही दिलं नाही. तिनं ऐकलं, ती शिकली. अशी गोष्ट मी आयुष्यभर शोधत होते.” ती ओळ खूप फिरली. प्रकाशकाचा फोन आला, लेखकानं सही करून दुसरा खंड पाठवला. चार खंड आम्ही तांबीच्या मागं गाळात उतरलो. चार खंड ही बाई सुखी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पाचव्या खंडात तांबीच्या खांद्यावरची खूण निघते. राणीची हरवलेली मुलगी! म्हणूनच तिला पाण्याची भाषा यायची, म्हणे. रक्तातच होतं.

अक्कानं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी पुस्तक उघडून पाहिलं. खुणेच्या पानात एक धागा होता. पुढं दोनशेहून जास्त पानं, त्यांत एकही नाही. मी विचारलं, पुढचं बरं होतं का? म्हणाली, “तितून पुढचा सगळा मालच गेला. धागे कुटं कुटं बांधू?”

मग तिनं लिहिलं: “चार खंड मी एका गाळकाढ्याच्या पोरीच्या मागं खाली उतरले. पाचव्यात लेखक सांगतो, ती राणीची होती. मग मी कुणाच्या मागं उतरले होते? आणि खाली जे खरंच गाळकाढ्यांचे होते, त्यांना पाण्याची भाषा कधीच येणार नाही, असंच की नाही? हा खंड सेकंड आहे. फर्स्ट म्हणून विकू नये.”

शिवी नाही, आरोप नाही, सात ओळी. त्यावर जे आलं ते मी इथं लिहिणार नाही, पेपर घरात मुलंही वाचतात. सभ्यातला सभ्य शेरा होता, ‘बाई, तुम्ही टॉवेल तपासा, साहित्य आम्ही तपासू.’ बाकीचे तिचं आडनाव विचारत होते. कशासाठी विचारतात ते सोलापुरात कुणाला सांगायला लागत नाही. मंडळानं तिचं ठरलेलं भाषण ‘तूर्त पुढं ढकललं’. सरांनी फोन करून समजूत काढली, “ताई, कल्पनारम्य आहे हो ते. इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं.” ज्यांना जगण्यात सगळं न मागता मिळतं त्यांना गोष्टीतलं मनाला लागत नाही सर. गोष्टीत तरी आपलं काहीतरी असावं, एवढ्यावर ज्यांनी आयुष्यभर वाचलं त्यांना लागतं.

आणि आता माझं. मी तोंडानं लढाऊ आहे. तिसऱ्या दिवशी मी अक्काला न विचारता तो लेख ब्लॉगवरून झाकून ठेवला. धुरळा बसेपर्यंत, असं स्वतःला सांगितलं. तिला त्रास होऊ नये म्हणून, असंही सांगितलं. खरं म्हणजे भीती मला माझ्यासाठीच वाटत होती. टाइप करणारी कोण, हे लोक शोधायला लागले होते. आठ दिवसांनी तिला कारखान्यातल्या एका बाईनं सांगितलं की लेख दिसत नाही. अक्का माझ्या घरी आली, दारातच उभी राहिली.

“तू काढलास व्हय?”

“थोडे दिवस, अक्का. नंतर परत—”

“आमच्यात एक बाई व्हती,” ती म्हणाली. “टेबलावरनं माल पुढं गेला की गपचूप धागे सोडायची. सेकंड माल फर्स्टमध्ये ढकलायला. चूक तशीच राहती पोरी, नुसतं दाखवणारं काय उरत न्हाई. विणणाऱ्याची चूक मी एक वेळ समजीन, हाताचं काम हाय. पण धागा सोडणारीला मी पाणी इचारत न्हाई.” आणि मग आत येऊन बसली आणि म्हणाली, “च्या टाक.” मला तिनं पाणी विचारणं सोडलं नाही. पण लेख त्याच मिनिटाला परत लावायला लावला, माझ्याच हातानं. तो आजही आहे.

जाण्याआधी पंधराएक दिवस प्रकाशकाच्या ऑफिसातून फोन आला. पाचही खंडांचा संच निघतोय, तुमची ती सुंदर ओळ वापरू का? मी शेजारी होते, फोन स्पीकरवर होता. अक्का म्हणाली, “वापरा की. पर दोन्ही छापा. पैल्या खंडाचं बी आणि पाचव्याचं बी.” पलीकडून ‘हो हो, नक्की ताई’. किती गोड आवाज होता...

तर तो रविवार. मंडळाच्या हॉलमध्ये श्रद्धांजली सभा. प्रज्ञा पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी. सर म्हणाले, विजयाताई या मालिकेच्या सोलापुरातल्या सर्वांत मोठ्या चाहत्या. मग टेबलावर नवा संच आला, भोवती चकचकीत कागदी पट्टी, तिच्यावर सोनेरी अक्षरं: “अशी गोष्ट मी आयुष्यभर शोधत होते. – कै. विजयाताई, सोलापूर.” पहिली दोन वाक्यं गायब. असणारच, ती छापली तर पाचवा खंड खोटा पडतो. आणि ‘कै.’! आमच्या अक्काचं घर बौद्ध, तिथं गेलेल्याच्या नावाआधी कालकथित लिहितात, एवढं विचारायचीही गरज वाटली नाही. तिला न विचारता थेट कैलासाला धाडून मोकळे. जिवंतपणी ज्यांनी आडनाव विचारलं, त्यांना मेल्यावर ते नको झालं. पट्टीवर आडनावच नव्हतं.

त्यानंतर पडदा सरकवला. मागं काचेचं कपाट, ‘विजयाताई स्मृती संग्रह’. प्रज्ञानंच विश्वासानं दिलेली अक्काची पुस्तकं. अकरा वीस झाले होते. एकेक पुस्तक झटकलेलं, नवं कव्हर घातलेलं, कडा जुळवून लावलेलं. मी एक काढून उघडलं. दुसरं उघडलं. चौथं, पाचवं... प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. मंडळाच्या सचिव बाई कौतुकानं म्हणाल्या, “दोन दिवस बसून साफ केली हो आम्ही. केवढे दोरे निघाले आतनं, ओंजळभर! टाकून दिले सगळे.”

प्रज्ञा, जी कधी आवाज चढवत नाही, तिनं एवढंच विचारलं, “कुठं टाकले?” बाई म्हणाल्या, “अगं, कचऱ्यात. का?”

मी ओरडले. तीन वेळा तेच ओरडले. अक्कानं धागा बांधला असता. मला हाताला धरून बाहेर काढण्यात आलं आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘सभा भावपूर्ण वातावरणात पार पडली’ असं आलं. त्या सचिव बाईंचा हेतू वाईट नव्हता असं मला चार जणांनी समजावलं. नसेल. सव्वीस वर्षं आणि शेकडो पुस्तकं एक बाई काहीतरी सांगत होती, ते तुम्हाला कचरा दिसलं, यात हेतू चांगला होता म्हणून काय करू? हार घालू?

एक पुस्तक मात्र बचावलं. पाचवा खंड माझ्या घरी होता, लेख टाइप करताना आणला तो राहून गेला होता. आत्ता समोर आहे. खुणेचं पान, त्यात लाल सुताचा तुकडा, टोकाला गाठ. तिची गाठ मी ओळखते. दोन वेढे आणि वरचं टोक जरा लांब, पुढच्या टेबलावरच्या बाईला लांबून दिसावं म्हणून.

पुढच्या टेबलावर आता तुम्ही आहात. तो संच तुमच्या घरात असेल, तर हा पेपर खाली ठेवा आणि उठा. भोवतीची पट्टी फाडा. पाचवा खंड काढा, तांबीच्या खांद्यावरची खूण निघते ते पान शोधा, आणि तिथं एक लाल धागा ठेवा. टॉवेलचा चालेल, पोलक्याचा चालेल. मग ते पुस्तक पोराच्या हातात द्या, आणि त्यानं विचारलं, हे काय आहे, तर सांगा विजयाअक्कानं बांधलंय. काढायचं नाही.