अवमानाला नाव लागतं

रोपवाटिकावाल्या काकूंची जमीन सरकारनं रस्त्यासाठी घेतली. मोबदला द्या, असं न्यायालयानं बजावलं आणि कचेरीनं ते कानाआड केलं. तेव्हापासून काकूंची सगळी रोपं नणंदेच्या गच्चीवर. मुळं पिशव्या फाडून बाहेर आलेली आणि नणंद रोज डोकं खाणारी.

"वहिनी, छत गळतंय. महिनाअखेर हे जंगल हलवा, नाहीतर कचऱ्याच्या गाडीत घालते."

मोबदला मिळाला तरच दुसरी जमीन. म्हणून काकूंनी अवमान याचिका लावायची ठरवली.

"खुर्चीला तुरुंगात टाकता येत नाही, काकू," वकीलबाई म्हणाल्या. "अधिकाऱ्याचं नाव आणा."

काकूंनी साहेबांच्या दारावरची पाटी उतरवून आणली. म्हणजे कागदावर, हो.

सुनावणीला सरकारी वकील उठले. "हे साहेब कधीच बदलून गेले." पाटी तेवढी मागे राहिली होती! न्यायाधीश वैतागले. "जेवणाच्या सुट्टीनंतर बरोबर नाव द्या, नाहीतर याचिका काढून टाकतो."

वकीलबाई दुसऱ्या खटल्यात अडकलेल्या. काकू एकट्याच तरातरा कचेरीकडे निघाल्या. रागापेक्षा कुतूहलच जास्त. आपलं घोडं अडवून बसलेला हा माणूस दिसतो तरी कसा?

"नाव?" दारावरचा शिपाई म्हणाला. "आम्ही साहेबच म्हणतो."

"आणि त्यांची आई काय म्हणते?"

"ते आईलाच विचारा."

काकू सरळ आत घुसल्या. एक किडकिडीत माणूस उरलेला चहा कुंडीत ओतत होता.

"अहो, मारताय की काय त्याला?"

तो दचकला. "आधीचे साहेबही घालायचे म्हणे."

"म्हणूनच पिवळं पडलंय. नाव काय तुमचं?"

"कशाला?"

थाप मारावी असं काकूंच्या मनात आलं, पण जमेना. "तुमच्यावर अवमान लावायचाय. माझ्या जमिनीचा."

त्यानं कप टेबलावर ठेवला. "तुरुंगात जावं लागतं?"

"पैसे भरले तर नाही म्हणतात. मीसुद्धा पहिल्यांदाच करतेय."

त्यानं कागद ओढला आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहून दिलं.

नोटीस निघाली. पुढच्या तारखेला तो स्वतः आला, मोबदला न्यायालयात भरल्याचं सांगितलं, माफी मागितली आणि चालू लागला.

"म्हणजे फाईल त्यानं आधी पाहिलीच नव्हती, की पाहून दाबली होती?" गच्चीवरून पिशव्या उतरवताना नणंदेनं विचारलं.

"तेच तर मला हवं होतं! उठले होते विचारायला."

"मग?"

"वकीलबाईंनी पदर धरून खाली बसवलं."