मोरचुदाच्या बरणीमागचा फॉर्म

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळत आलो. बायकोलासुद्धा अर्धीच सांगितली — जिच्यात मी शहाणा दिसतो, ती अर्धी. उरलेली आजवर कुणालाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित आज जमेल.

कर्जतच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मला थोडा मान आहे. म्हातारपणासाठी पैसा कसा गुंतवावा, यावर मी बोलतो. दर महिन्याला थोडं थोडं टाकत राहा, म्हणतो. बाजार पडला म्हणून घाबरून काढू नका, म्हणतो. मग जरा थांबून — कुठे थांबायचं तेही आता पाठ झालंय — स्वतःचं उदाहरण देतो. बाजार कोसळला, माझी पुंजी निम्म्यावर आली, तरी मी हात लावला नाही. लोक माना डोलावतात. आणि मी खरंच हात लावला नव्हता. पण का नव्हता?

त्यासाठी सुदाम सांगायला हवा.

सुदाम आणि मी खालापूरला एकाच प्राथमिक शाळेत होतो, एकाच बाकावर. पुढे मी एका हायस्कुलात गणित शिकवू लागलो आणि तो तिथेच प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागला. शाळेत तो मला सर म्हणायचा. फाटकाबाहेर पडलो की लगेच ‘काय रं’. त्या दोन पावलांत होणारा तो बदल मला फार आवडायचा. शाळा विनाअनुदानित, पेन्शन कुणालाच नाही. म्हणून आम्ही दोघांनी एकाच दिवशी म्युच्युअल फंडात दरमहा पैसे टाकायला सुरुवात केली. माझे जास्त, त्याचे अगदी थोडे. फॉर्म मीच भरले, हिशेब मीच समजावला. त्याला शिकवताना मला बरं वाटायचं, हे लपवत नाही.

मग बाजार पडला. मी रोज पेपर उघडायचो आणि जेवण जायचं नाही. शेवटी सगळे पैसे काढून घेण्याचा फॉर्म भरला. सुदाम दर गुरुवारी शाळेचं टपाल घेऊन पनवेलला जायचा, फंडाची कचेरीही तिथेच. त्याच्याकडे फॉर्म दिला. त्याने तो वाचला, घडी केली, पिशवीत ठेवला.

दोन आठवडे गेले, खात्यात पैसे नाहीत. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी त्याला विचारलं. आणखी दोन शिक्षक शेजारी उभे होते.

“नाय दिला,” तो म्हणाला. “लॅबच्या कपाटात हाय, मोरचुदाच्या बरणीमागं. माझा दिला. पोरीची नर्सिंगची फी भरायचीय. तुला गरज नाय रं, तुला नुसतं भ्या वाटतंय. डोकं थंड झालं का घेऊन जा.”

एवढं साधं. ज्याला गरज होती त्याचा फॉर्म त्याने दिला, ज्याला भीती होती त्याचा ठेवला. आज मी माईकवर तासभर बोलून जे सांगतो, ते त्याने चहाचा ग्लास हातात धरून सांगून टाकलं होतं.

आणि मी काय केलं? मधल्या दोन आठवड्यांत बाजार आणखी घसरला होता. दोन शिक्षक ऐकत होते. त्यांच्यासमोर एक परिचर मला शिकवत होता — हो, त्या क्षणी तो मला परिचर दिसला, आणि त्याहूनही जुनं काहीतरी दिसलं. आमचं घर गावातल्या जुन्या, शिकलेल्या घरांपैकी. त्याच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तरी आमच्या घरात त्यांच्या वस्तीचं जुनंच नाव चालायचं. मला वाटायचं, मी त्यातला नाही. मी म्हणालो, “तुम्हा लोकांकडे पैसा होता कधी? तो सांभाळायची अक्कल कुठून येणार?”

तुम्हा लोकांकडे. मी कुठले लोक म्हणत होतो, ते टपरीवाल्यालाही कळलं.

सुदामने ग्लास खाली ठेवला. “बरं, सर,” म्हणाला.

फाटकाबाहेर.

लॅबमध्ये जाऊन फॉर्म आणायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या आठवड्यात नवा फॉर्म भरला, अर्धी रजा टाकली आणि पनवेलच्या एसटीत चढलो. गुरुवार आहे हे ध्यानातच नव्हतं. एकच जागा रिकामी होती, सुदामच्या शेजारची. त्याने टपालाची पिशवी मांडीवर घेतली, सरकून जागा केली आणि म्हणाला, “बसा, सर.”

मी खाली उतरलो. गाडी चौक गावाकडे निघून गेली. पुन्हा फॉर्म भरला नाही.

तर हा माझा धीर. त्यात गणित नव्हतं, अभ्यास नव्हता. मला एका माणसाशेजारी बसायची लाज वाटली, म्हणून माझे पैसे वाचले. बाजार सावरला, वाढला. आज दर महिन्याला त्यातूनच घर चालतं, बायकोची औषधं येतात.

एकदा चौक गावात मी बोलत असताना तो शेवटच्या रांगेत बसला होता. लोधिवलीहून मुद्दाम आलेला. कुणीतरी विचारलं, “सर, तेव्हा भीती नाही वाटली?” मी म्हणालो, “गणिताच्या मास्तराला कसली भीती?” लोक हसले, टाळ्या वाजल्या. सुदामनेही वाजवल्या. त्या टाळ्यांत टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. नव्हता.

गेल्या वर्षी तो आजारी असल्याचं कळलं, म्हणून लोधिवलीला गेलो. मुलगी नर्स झालीय, तिनेच चहा केला. मग आम्हा दोघांना सोडून ती आत गेली. रिक्षात बसल्यापासून मी वाक्यं घोळवत होतो. त्याने उशीवरून मान वळवली.

“बाजार कसा हाय, सर?”

“बरा आहे,” मी म्हणालो.

चहा संपवला, मोसंबी ठेवली, निघालो. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला.

रिक्षात घोळवलेली वाक्यं मोठी नव्हती. सुदाम, माझं म्हातारपण तू सांभाळलंस, आणि नाव मी स्वतःचं सांगत आलो. त्या दिवशी टपरीवर मी तुझी जात काढली. माझं चुकलं रे.