व्हय, बरोबर हाय

अंगदला योगिनीचं काहीच बघवत नव्हतं. तिचं हसणं नाही, आणि ऑफिसचे मालक अभय सर तिला ‘हुशार पोरगी’ म्हणायचे ते तर मुळीच नाही. बाप सोनाजीच्या मेंढ्यांमागून उठून हा गडी शहरात आला, छावणी भागातल्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात सगळ्यांच्या आधी वेबसाइटी बनवायला लागला, आणि कालपरवा आलेली योगिनी त्याच्या बरोबरीची! वाळूजच्या एका कारखान्याच्या शिफ्ट-बसच्या वेळा दाखवणारं वेबपान ज्याला जमेल, तोच टीमचा प्रमुख ठरणार होता. सरांनी ते पान तिला दिलं. तेव्हापासून अंगदला जेवण गोड लागेना.

डेमोच्या आदल्या दिवशी योगिनी खुर्ची ओढून आली.

“अंगददादा, माझं जनरेटर फंक्शन बघता का? एरर आली तर पकडायची सोय केलीय, पण धाकधूक हाय.”

जनरेटर अंगदला पाठ होता. वाड्याचं फाटक किलकिलं करून बाप एकेक मेंढरू सोडायचा, तसंच ते. मागितली की एक गाडी द्यायची आणि थांबायचं. योगिनीनं एरर पकडायची सोय फंक्शन बोलावण्याच्या ओळीला केली होती. आता बोलावल्यानं ते नुसतं तयार होतं. चालतं ते गाडी मागितल्यावर. एका गाडीची वेळ चुकीची निघाली की फंक्शन तिथंच संपणार आणि बाकीच्या गाड्या गायब. एरर पकडायची ती आत, दर गाडीला. अंगदला हे एका नजरेत दिसलं आणि मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

“व्हय,” तो म्हणाला, “बरोबर हाय. लई भारी.”

डेमोत व्हायचं तेच झालं. कारखान्याच्या साहेबांपुढं चार गाड्या दिसल्या आणि पान ठप्प. अंगदनं ओठ दाबून हसू आवरलं.

“कुणी तपासलं होतं का हे?” अभय सर तडकले.

“व्हय सर, अंगददादांनी,” योगिनी बिचारी सरळ मनानं म्हणाली.

“अंगद, तुला दिसलं नाही?”

दिसलं म्हणावं तर हरामखोर, नाही म्हणावं तर अडाणी. अंगदनं अडाणीपण पत्करलं.

“नाय सर. नाय दिसलं.”

तोवर योगिनीला चूक सापडलीही होती. तिनं एरर पकडायची सोय आत नेली, चुकीच्या वेळेची गाडी गाळली आणि पुढच्या गाड्या धडाधड आल्या. साहेब खूश झाले. मग ती अंगदकडे वळली आणि मायेनं समजावू लागली, की दादा, बोलावल्यावर जनरेटर चालत नाय, नुसता तयार होतो.

“नीट ऐक रे,” सर म्हणाले, “उद्यापासून तिच्याच हाताखाली आहेस.”

अंगद मान हलवत राहिला. “व्हय,” म्हणाला, “बरोबर हाय.”