इंदूमावशीला समजलं पाहिजे

माझं नाव इंदू. लातुरात पोरींच्या होस्टेलच्या मेसमध्ये अकरा वर्षं झाली भाकऱ्या थापतेय. जिभेनं मी तिखट हाय, हे पोरीच सांगतेत. चौथीत शाळा सुटली माझी, पण ऑस्मोसिस म्हणजे काय ते मला विचारा. हसू नका, विचाराच.

हे खूळ वर्षाराणीचं. उदगीरची पोर, बापाचं किराणा दुकान, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजनं ठरवलंय, तिसऱ्या वर्षाच्या पोरीनं पहिल्या वर्षाच्या एकीला सांभाळायचं. बाकीच्या आपल्या जुन्या वह्या देऊन मोकळ्या. ही बया मात्र आपल्या पोरीला घेऊन दुपारी थेट माझ्या ओट्यापाशी. नियम काय, तर जे शिकलीस ते इंदूमावशीला सांग. मावशीला समजलं तर तुला आलं.

"अगं, मला भाकरी करू द्याल का न्हाई?" मी वरडायचे.

"हात चालू द्या मावशी, कान तेवढे इकडं करा," ती म्हणायची.

तिच्या वाट्याला आली ऋतुजा. इस्लापूरची. बोलायला तोंड उघडलं की डोळ्यांत पाणी. पहिल्या चाचणीत नापास झाली, तवाच तिच्या बापानं, शेषेरावांनी, बजावून ठेवलेलं. मंगळवारच्या तोंडी परीक्षेत पण तसंच झालं, तर बुधवारी न्यायला येतो, सामान बांधून ठेव. पोर शिकणार का घरी बसणार, ते त्या एका दिवसावर आलतं.

परीक्षेला नऊ दिवस होते, त्या रविवारी वर्षाराणी मागच्या वस्तीतल्या लेकरांना गणित शिकवायला गेलती, ती दर रविवारी जाते. ऋतुजा एकटीच माझ्यापुढं हुबी राहिली. तिनं ऑस्मोसिस सांगितलं. पातळ पडदा, पाणी, मीठ, इकडून तिकडं. मला ओ का ठो कळलं न्हाई. पण तिचं तोंड बघवंना. म्हणलं, "हाव, समजलं की! लई भारी सांगितलंस." पोर एवढी खुलली की एक भाकर जास्तीची खाल्ली.

शुक्रवारी कॉलेजातल्या मॅडमनं सराव म्हणून प्रश्न विचारले. ऋतुजानं न घाबरता सगळं सांगितलं, आन् सगळं उलटं. मॅडम म्हणल्या, मंगळवारी हेच सांगितलंस तर पास करता येणार न्हाई. पोर खोलीवर आली नि बॅग भरायला लागली.

वर्षाराणी स्वयंपाकघरात आली. आवाज चढवला न्हाई तिनं. ओट्याला टेकून म्हणली, "मावशी, खरं सांगा. रविवारी तुमाला समजलं होतं का?"

मी आधी तवा आपटला. "मी काय मास्तरीण हाय का? तुमच्या परीक्षा माझ्या गळ्यात कशाला?" मग मात्र राहवलं न्हाई. "न्हाई गं समजलं. शाळेत गुरुजी विचारायचे, समजलं का? सगळ्यांसंगं मी पण हाव म्हणायचे. न्हाई म्हणायची छातीच झाली न्हाई कधी. तीच खोड ऱ्हायली बघ."

"मग आता म्हणा. ती रडली तरी म्हणा. एवढंच काम करा माझं."

शनिवारी ऋतुजा परत हुबी राहिली. सांगितलं तिनं. मी म्हणलं, न्हाई समजलं. परत सांगितलं. न्हाई समजलं. पोर हुंदके द्यायली, पण वर्षाराणी दारातून हलंना. चौथ्यांदा ऐकताना माझी नजर मीठ लावून ठेवलेल्या काकडीवर गेली नि एकदम तोंडातून निघालं, "अगं थांब. शिऱ्यासाठी भिजवलेले मनुके पाणी पिऊन फुगलेत. आन् ही काकडी मीठ लावलं तर पाणी सोडून बसली. एक आत घेतंय, एक भायेर टाकतंय. असं कसं गं?"

ऋतुजानं मनुक्यांकडं बघितलं, काकडीकडं बघितलं. डोळे पुसले. "मावशी, जिकडं साखर-मीठ जास्त, तिकडं पाणी जातंय. मनुक्याच्या आत साखर हाय, म्हणून आत. काकडीच्या वरून मीठ हाय, म्हणून भायेर. अगं बया, मी उलटं सांगत होते!"

"हां! आता समजलं!" मी एवढ्या जोरात वरडले की बाहेर जेवणाऱ्या पोरी उठून आल्या. 'समजलं' असं जन्मात पहिल्यांदा खरं बोलले. लई बरं वाटलं.

मंगळवारी मॅडमनं तिला पास केलं. पण बुधवारी शेषेराव आलेच. फोनवर पोर पास म्हणली, ते त्यांना पटलं न्हाई. मी त्यांना जेवायला बसवलं, येसर आमटी वाढली नि मनुक्याचं नि काकडीचं सगळं सांगून टाकलं.

"समजलं का?" मी विचारलं.

"हाव," ते म्हणले.

"दादा, खरं सांगा."

भाकरीचा घास हातातच ऱ्हायला. बाजूला बसलेल्या पोरीकडं बघून कसंनुसं हसले. "न्हाई समजलं."

ऋतुजानं उठून काकडी आणली, मिठाची वाटी आणली नि बापाच्या ताटासमोर बसली. "बाबा, इकडं बघा," म्हणली, आन् सांगायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी न्हवतं. बापाच्या होतं.

संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच इस्लापूरला गेले.