ताकवाल्या काकीचं नाव

ताकवाली काकी हसायला लागली की आधी बसायला जागा शोधायची. उभ्यानं तिला हसताच येत नसे. जागा नाही मिळाली तर आहे तिथेच फतकल मारून, पदर तोंडावर घेऊन ती गदगदायची. रायगडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीत तिचं ताक आणि पिठलं-भाकरीचं खोपट होतं. रोपवेला आलेली माणसं एक ग्लास ताक प्यायला थांबत आणि काकीला हसताना बघून दुसरा मागत. आमचं घर खोपटाच्या मागेच, त्यामुळे माझा कॉलेजचा निम्मा अभ्यास त्या हसण्यात वाहून गेला.

तिला नावानं कोणीच हाक मारत नसे. पर्यटकांची ती मावशी, मुलांची आये, वाडीची काकी. तिचे यजमान तुकारामकाका तर नुसतं "अगो" म्हणत. त्यामुळे तिला एक सोडून दोन नावं आहेत, हे आम्हाला मतदानाच्या दिवशी कळलं.

शाळेतल्या केंद्रात काका पुढे, काकी मध्ये आणि तिच्या मागे मी. यादीत नाव होतं सुनंदा, तिच्या हातातल्या आधार कार्डावर शेवंती. मतदान कार्ड केव्हाच हरवलेलं. आधार काढलं होतं ते माहेरी, पोलादपूरकडे, भावानं शाळेच्या दाखल्यावरून. पण लग्नात शेवंतीची सुनंदा झाली, हे बाहेरगावच्या अधिकाऱ्याला कोण सांगणार?

"या बाईंना कोणी ओळखतं का?" त्यानं विचारलं.

"म्हंजे काय! काकी हाय ना आमची!" पाच-सहा जण एकदम ओरडले.

"नाव सांगा."

जो तो शेजारच्याकडे बघू लागला. काका बोटावरची शाई वाळवत दारात उभे होते. ते मागे वळले. "अगो, तुझं नाव काय गो लावलंय?"

काकीनं तिथेच फतकल मारली. अख्खी खोली हसली, अधिकारीही हसला. पण मत काही देऊ दिलं नाही.

त्या संध्याकाळी काकी विरजण लावायला विसरली. "सगल्यांबरोबर मीबी हसले गो," ती मला म्हणाली, "पण मला घालवून दिलं. मी हाय, आणि तरी नाय."

मग मी तिला घेऊन महाडच्या तहसील कचेरीत खेटे घालायला लागले. कारकून म्हणाला, कागदोपत्री एकच नाव ठेवा, कुठलं ते तुम्ही ठरवा. काकी म्हणाली, "शेवंती."

काका बिथरले. "सुनंदा माझ्या आयेनं ठेवलेलं नाव हाय!"

"ठेवलं खरं. पण चाळीस वर्षांत एकदा तरी हाक मारलीत का त्या नावानं?"

काका आठवू लागले. शेवटी कपडे बदलून स्वतःच आमच्याबरोबर रिक्षात बसले.

दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. साक्षीला काकीनं थोरल्या जावेला आणलं. कारकुनानं पुकारलं, "शेवंती कोण?"

"मी," काकी म्हणाली.

"मी," जाऊ म्हणाली.

कारकुनानं चष्मा काढून पुसला. "अहो, नक्की कोण?"

"दोघीबी," जाऊ म्हणाली. "मी घरात आधी आले. एका घरात दोन शेवंत्या नकोत म्हणून सासूबायनी हिचं नाव बदललं. माझ्यापायी गेलं हो साहेब हिचं नाव. लिवा तसं."

काकीनं इकडेतिकडे बाकडं शोधलं, पण ते भरलेलं होतं. मग दोन्ही जावा कचेरीच्या फरशीवर बसून एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसू लागल्या. शेवटी कारकुनानं शिक्का घेऊन तिथेच येऊन वाकून सह्या घेतल्या.

पुढच्या निवडणुकीत काकी सकाळी सातला दारात पहिली. अधिकाऱ्यानं खणखणीत वाचलं, "शेवंती तुकाराम..." आणि तिनं एवढ्या जोरात "हाय!" म्हटलं की बाहेरचा पोलीस आत डोकावला. कोणाला मत दिलंस म्हणून काकांनी दिवसभर विचारलं. तिनं सांगितलं नाही.

आता मी दुसऱ्या तालुक्यात शिक्षिका आहे आणि निवडणूक आली की टेबलाच्या पलीकडे मी बसते. दर वेळी एखादी बाई येते, जिच्या हातातलं नाव यादीत नसतं. मागची रांग कुरकुरते, बाई पदर चाचपत निघायच्या बेतात असते. मी तिला जाऊ देत नाही. शेजारची खुर्ची ओढते, यादीचं पहिलं पान उघडते आणि म्हणते, "बसा काकी. माहेरचं नाव काय तुमचं, आणि सासरचं काय?"